पाहुणचार संपल्यानंतर

जर्मनीत टपाल फ्लॅटच्या नंबरावर येत नाही, नावावर येतं. इमारतीच्या दारात पत्रपेट्यांची रांग असते आणि प्रत्येक पेटीवर भाडेकरूच्या आडनावाची पट्टी. पट्टी नसेल तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो. म्हणून पुण्याहून किंवा नाशिकहून नोकरीसाठी श्टुटगार्टला पोचलेला माणूस बॅगा उघडण्याआधी कागदाच्या चिटोऱ्यावर आपलं आडनाव लिहितो आणि चिकटपट्टीनं पेटीवर लावतो. कुलकर्णी, शेख, कांबळे, डिसोझा. बँकेचं कार्ड टपालानं येणार असतं आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटातून. करक्रमांक टपालानंच, आरोग्यविम्याचं कार्डही टपालानंच. त्या पट्टीवाचून त्याचा नवा संसार सुरूच होत नाही.

पण पट्टी लावायला आधी पेटी हवी आणि पेटीसाठी घर. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. १ नोव्हेंबर २०१५पासून लागू झालेल्या कायद्यानुसार या नोंदीला घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. घरमालक आधी पगाराच्या पावत्या मागतो, तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत मागतो आणि ‘शूफा’चा उताराही मागतो. शूफा ही १९२७ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली संस्था. विजेची उपकरणं हप्त्यानं नेणारी गिऱ्हाइकं पैसे वेळेवर भरतात की नाही, याची नोंद ठेवण्यातून तिचा जन्म झाला. आज भाड्याच्या घरापासून फोनच्या करारापर्यंत सगळीकडे तिचा शब्द चालतो. नव्यानं आलेल्या माणसाची तिथं नोंदच नसते. त्यानं कुणाचे पैसे बुडवलेले नसतात, पण त्या देशात फेडलेलेही नसतात. तिथल्या कागदांच्या लेखी त्याला भूतकाळच नाही.

मग चक्र सुरू होतं. घर हवं तर पगार दाखवा. पगार जमा व्हायला खातं हवं. खातं उघडायला बहुतेक बँका पत्त्याची नोंद मागतात. नोंदीला घर हवं. घर मिळालं तरी अनेकदा त्यात स्वयंपाकघराच्या नावानं नुसती भिंत आणि नळाची जोडणी असते. ओटा, कपाटं, शेगडी आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेलेला असतो. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. म्हणजे या चक्रात शिरणारी मराठी माणसं वाढतच जाणार आहेत.

याला सगळेजण कार्यालयीन कटकट म्हणतात आणि ती कशी निस्तरायची याचे सल्ले एकमेकांना देतात. सल्ले उपयोगाचेच असतात. पण या कटकटीच्या तळाशी एक प्रश्न आहे आणि तो मुळात धर्माचा आहे. माणसाजवळ स्वतःबद्दल सांगायला एकही पुरावा नसताना त्याच्यावर पहिला विश्वास कुणी टाकायचा? आणि टाकायचा तो दया म्हणून, की ते त्याचं आपल्याकडचं देणं आहे म्हणून?

धर्मांनी परक्या माणसाचा विचार भरपूर केला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू निरोप देताना शिष्याला सांगतात, की आई, वडील आणि आचार्यांप्रमाणे अतिथीलाही देव मान. इस्लामी परंपरेत जकात कुणाला द्यावी याची जी आठ खाती कुराणात आहेत, त्यांत वाटसरूचं एक खातं आहे. ज्यूंच्या धर्मग्रंथात शेताच्या कडेचं पीक कापू नये, ते गरीब आणि परक्यासाठी सोडावं, अशी आज्ञा आहे. मवाबहून आलेली रूथ बेथलेहेमच्या शेतात अशीच कणसं वेचून सासूला जगवते.

मात्र याच परंपरा दिवसही मोजतात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथी म्हणजे एक रात्र राहणारा. हदीसमध्ये पाहुणचार तीन दिवसांचा. त्यापुढे जे दिलं जाईल ते दान, आणि यजमानाला जड होईल इतकं पाहुण्यानं राहू नये. ‘डिडाखे’ या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेत वाटसरूला दोन किंवा फार तर तीन दिवस ठेवून घ्यायला सांगितलं आहे. आणि आपल्या मराठीतली म्हण तिसऱ्या दिवशीही मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्याची सरळ अक्कल काढते. इतक्या दूरदूरच्या लोकांचा हिशोब इतका जुळावा, याचं कारण उघड आहे. पाहुणचार ही यजमानाच्या ताटातली वाटणी असते, आणि ताट रोज वाटून पुरत नाही.

चौथ्या दिवशीही जो जाणार नाही त्याचं काय? ज्याला परतायचं घरच उरलेलं नाही, किंवा जो राहायलाच आला आहे, त्याचं? त्याला देवाचा मान नको असतो. त्याला चूल हवी असते, मीठ कुठल्या दुकानात मिळतं ते माहीत हवं असतं, कमावलेला पैसा ठेवायला जागा हवी असते. अतिथिधर्म इथं येऊन थांबतो. पुढचं काम त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

मदिनेतली एक घटना या संदर्भात फार बोलकी आहे. इसवी सन ६२२मध्ये मक्केतून परागंदा होऊन आलेले लोक मदिनेत उतरले तेव्हा प्रेषित मुहम्मद यांनी एकेका निर्वासिताचं एकेका स्थानिकाशी भावाचं नातं जोडून दिलं. अब्दुर्रहमान इब्न औफ यांचे भाऊ ठरले साद इब्न रबी, मदिनेतले सधन गृहस्थ. सादनं आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी तिला बरकत चिंतली आणि ती घेतली नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की इथं बाजार कुठं भरतो? त्यांना कैनुका टोळीचा बाजार दाखवण्यात आला. तिथं खरेदी-विक्री करून ते परतले ते वाळवलेलं दही आणि तूप घेऊन. पुढं काही दिवसांनी ते लग्न करून आले. वधूला खजुराच्या बीएवढ्या वजनाचं सोनं दिलं होतं. एका मेंढीची का होईना, पण जेवणावळ घाल, असं प्रेषितांनी त्यांना सांगितलं.

तूप, सुकं दही, बीएवढं सोनं, एक मेंढी. परक्या गावात माणूस बस्तान कसं बसवतो याचा याहून नेमका तपशील सापडणं कठीण. आणि यात दोघांचीही बाजू मोठी आहे. सादचं औदार्य कमी लेखण्याचं कारण नाही. भावाचं नातं आधी जोडलं गेलं म्हणूनच अब्दुर्रहमान त्या बाजारात कुणाचा तरी माणूस म्हणून उभे राहू शकले. पण घेणाऱ्यानं घेतलं ते अर्ध्या घराऐवजी बाजाराचा रस्ता. डिडाखेही तीन दिवसांनंतर हेच म्हणते: आलेल्याला राहायचं असेल आणि हातात कसब असेल, तर त्यानं काम करावं आणि खावं. दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत आहे. बाजार परक्याला खुला असला पाहिजे. तो तसा नसेल तर धर्मानं काय करावं, हे त्या वचनांत नाही.

अथेन्सला हा प्रश्न कायद्यानं सोडवावा लागला. त्या नगरात बाहेरून येऊन वसलेल्यांचा वेगळा वर्ग होता. पुरुषानं वर्षाला १२ द्राख्मा कर भरायचा, स्वतंत्र राहणाऱ्या स्त्रीनं ६. कर चुकवला तर गुलाम म्हणून विकलं जाण्याची शिक्षा होती. प्रत्येकाला एक अथेन्सवासी हमीदार लागे. खास परवानगीशिवाय जमीन किंवा घर घेता येत नसे. या व्यवस्थेत व्यापार चाले, कारागिरी चाले, आणि तत्त्वज्ञानही चाले. अ‍ॅरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये याच वर्गातला होता.

प्लेटोचं ‘रिपब्लिक’ कुठं घडतं, याकडे सहसा लक्ष जात नाही. न्याय म्हणजे काय, या प्रश्नावरची पाश्चात्त्य परंपरेतली ही सर्वांत मोठी चर्चा पिरिअस बंदरात केफालस नावाच्या म्हाताऱ्याच्या कुटुंबात रंगते, आणि हे घराणं सिराक्यूजहून येऊन स्थायिक झालेलं, म्हणजे परक्यांचं. प्लेटोनं ही जागा सहज निवडली असेल असं वाटत नाही. त्याच्या वाचकांना या कुटुंबाचं पुढं काय झालं ते ठाऊक होतं. इसवी सनपूर्व ४०४मध्ये अथेन्समध्ये तीस जणांची जुलमी राजवट आली. तिला पैसा हवा होता आणि परक्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. केफालसचा मुलगा पोलेमार्कस याला चौकशीविना विष प्यायला लावलं. त्याचा भाऊ लिसिअस निसटला आणि पुढं त्यानं न्यायालयात ही हकिगत सांगितली. कुटुंबाचा ढालींचा कारखाना होता. ७०० ढाली, सोनं-चांदी आणि १२० गुलाम जप्त झाले. (त्या गुलामांचं काय झालं, याची चिंता लिसिअसच्या भाषणात नाही, हेही नोंदवलं पाहिजे.) घरात शिरलेल्या अधिकाऱ्यानं पोलेमार्कसच्या बायकोच्या कानातली सोन्याची भोकरं ओढून काढली. कुटुंबाची तीन घरं होती, पण एकातूनही प्रेतयात्रा काढू दिली नाही. एक शेड भाड्यानं घ्यावी लागली.

केफालसच्या घराण्यानं कर भरला होता, नगराला देणग्या दिल्या होत्या, ‘रिपब्लिक’मधल्या पाहुण्यांचं यथास्थित स्वागत केलं होतं. तरी सत्ता बदलली त्या दिवशी त्यांच्या हातात स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं. जे होतं ते नगराच्या मर्जीवर होतं. लोकशाही परत आल्यावर लिसिअसला नागरिकत्व देण्याचा ठराव झाला, पण तो ठराव नियमाला धरून नव्हता म्हणून रद्द ठरला. त्यानं उरलेलं आयुष्य अथेन्सच्या नागरिकांना न्यायालयात म्हणायची भाषणं लिहून देण्यात घालवलं.

मर्जी आणि हक्क यांतला हा फरक कांटनं १७९५मध्ये सूत्रात मांडला. क्योनिग्सबर्गपासून तो कधी फार दूर गेला नव्हता, पण परक्या माणसाच्या वाट्याला काय यावं याचा त्याच्याइतका काटेकोर विचार त्याच्याआधी क्वचितच कुणी केला असेल. शाश्वत शांततेवरच्या निबंधात तो सांगतो, की परक्याचं स्वागत हा परोपकाराचा विषय नाही, तो हक्काचा विषय आहे. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसं अनंत अंतरावर पांगू शकत नाहीत. म्हणून त्यांना एकमेकांचं शेजारी असणं सोसावंच लागेल. आलेल्याला शत्रूसारखं वागवू नये, आणि परत पाठवल्यानं त्याचा नाश होणार असेल तर परतही पाठवू नये.

पण कांटचा हक्कही भेटीपुरताच आहे. घरातला होऊन राहायचं असेल तर त्यासाठी वेगळा करार लागेल, असं तो स्पष्ट म्हणतो. आपल्याला हे कोतं वाटतं, पण त्यामागचं कारण हिंदुस्थानातलं आहे. युरोपातले लोक व्यापाराच्या ठाण्यांच्या निमित्तानं हिंदुस्थानात शिरले, मागोमाग सैन्य आणलं, लढाया आणि दुष्काळ पसरवले, हे त्याच निबंधात त्यानं नावानिशी लिहिलं आहे. बळवंताचं ‘वसणं’ त्याच्या डोळ्यांसमोर होतं. दुबळा माणूस वसायला आला तर त्याचा चौथा दिवस कसा उजाडावा, याचं उत्तर त्यानं कराराच्या दोन्ही बाजूंवर सोडून दिलं.

करार करायला मात्र दोन्ही बाजूंना उभं राहायला काहीतरी जागा लागते. जर्मनीतच याचा एक भारतीय दाखला आहे. १९६०च्या दशकात केरळातल्या कॅथलिक मुली चर्चच्या मार्फत जर्मन रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या. त्यांना घर शोधावं लागलं नाही. परिचारिकांच्या निवासात खोली होती, ननांची देखरेख होती, रविवारची प्रार्थना होती. पहिला विश्वास चर्चनं टाकला होता. पण १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रोजगार आटला तेव्हा अनेकींचे परवाने वाढवून मिळाले नाहीत आणि त्यांना परतावं लागलं. वर्षानुवर्षं रुग्णांची सेवा करूनही त्यांच्यापैकी अनेकींची गणती पाहुण्यांतच राहिली.

आज वसईचा किंवा गोव्याचा कॅथलिक माणूस जर्मनीत पत्त्याची नोंद करायला जातो तेव्हा अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथं कॅथलिक लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापला जाऊ लागतो: प्राप्तिकराच्या ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८. हिंदू किंवा मुसलमान माणसाला हा कर नाही. कर नको असेल तर सरकारदरबारी चर्च सोडल्याचं जाहीर करावं लागतं, आणि असं करणाऱ्याला संस्कारविधी मिळणार नाहीत असा फतवा जर्मन बिशपांनी २०१२मध्ये काढला. त्या पैशातून चर्च रुग्णालयं चालवतं, निर्वासितांची सोय करतं, हे खरं आहे आणि मोलाचंही आहे. तरी नोंदणीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी आपल्या श्रद्धेची पहिली ओळख कराच्या रकान्यात होते, हे मनाला लागतं. चर्चला त्याची नोंद पोचते. चक्रातून सुटायला लागणारी पहिली सही अजून त्याची त्यालाच शोधायची असते.

ही पहिली सही हाच सगळ्याचा गाभा आहे. पुराव्याला पुरावा लागतो, त्याला आणखी एक पुरावा. ही साखळी कुठंतरी सुरू व्हायला हवी तर कुणीतरी एकानं पुराव्याशिवाय हो म्हणावं लागतं. मदिनेत ते सादनं म्हटलं. जर्मनीतल्या मराठी मंडळींत ते कुणी ओळखीचं कुटुंब म्हणतं: काही आठवडे आमच्याकडे राहा, पेटीवर तुझं नाव लाव, नोंद करून घे. हे वाटतं तितकं सोपं नाही. भाडेकरूला त्यासाठी स्वतःच्या घरमालकाची परवानगी लागते, आणि माणूस प्रत्यक्षात राहत नसताना खोटा पत्ता दिला तर ५० हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. सही देणारा खरोखर काहीतरी पणाला लावतो.

आणि कुणीच हो म्हटलं नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राला वेगळं शिकवावं लागू नये.

१९१३च्या जुलैमध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. अनोळखी खंड, जवळ बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती. कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले, आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली. चार वर्षांनी, १९१७मध्ये, करारानुसार नोकरी करायला ते बडोद्याला गेले. एव्हाना कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आले होते. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न होता, राहायचं कुठं? हिंदू हॉटेलांत जात लपवल्याशिवाय प्रवेश नव्हता. त्यांना पारशी लोकांची एक धर्मशाळा सापडली. रखवालदारानं पाहिलं, की अंगात पारशांचा पवित्र सदरा नाही, कमरेला कस्ती नाही. ही जागा पारशांसाठीच आहे, म्हणाला. पण बरेच दिवस गिऱ्हाईक नव्हतं. दीड रुपया रोजावर, नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर, वरची खोली दिली. दिवसा नोकरी, रात्री मिणमिणता कंदील आणि पुस्तक. त्या मोठ्या, अडगळीनं भरलेल्या माडीवर दुसरं कुणीही नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत खोली सोड, असं त्यांनी बजावलं. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारलं. हिंदू मित्र म्हणाला, तुला घरी ठेवलं तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्रानं बायको परगावी आहे, ती आल्यावर विचारतो, म्हणून टाळलं. मुंबईची गाडी रात्री ९ वाजता होती. तोवरचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. पुढं १९३५-३६च्या सुमारास लिहिलेल्या आठवणींत त्यांनी हे सगळं सांगितलं. त्या पुस्तिकेचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’.

परदेशात पहिल्या दिवसापासून मिळालेली खोली आपल्याच देशातल्या नगरात अकरा दिवसांपलीकडे टिकली नाही. या प्रसंगात तीन धर्मांची माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या परंपरेत परक्याला जवळ करण्याची आज्ञा आहे. रखवालदारानं निदान खोली तरी दिली. पण ती खोट्या नावाला दिली होती, म्हणून तिला आधार नव्हता. पहिला विश्वास एकट्यादुकट्याच्या भलेपणावर सोडला, की समाजाच्या काठीपुढं तो अकरा दिवसही मुश्किलीनं तग धरतो. आतिथ्याच्या थोरवीबद्दल बोलताना ही गोष्ट मधे ठेवूनच बोललं पाहिजे.

बाबासाहेबांनी पुढं जे केलं ते या दृष्टीनं वाचण्यासारखं आहे. राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची यादी आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाही नागरिकाला तिथं अडवता येणार नाही. रोजच्या जगण्याच्या इतक्या साध्या वस्तू घटनेत यादी करून लिहाव्या लागल्या. २९ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत काही सदस्यांनी ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती विचारली तेव्हा आंबेडकरांनी उत्तर दिलं, की सेवा देणारा कुणीही त्यात येतो. धोबी आला, न्हावीही आला. ज्या माणसाला एका नगरात स्वतःच्या नावावर खोली मिळाली नव्हती, त्यानं पहिल्या विश्वासाची जबाबदारी एका रखवालदाराच्या मर्जीवरून काढून प्रजासत्ताकावर टाकली.

युरोपात अशीच एक पायरी अलीकडे चढली गेली. युरोपीय संघाच्या २०१४च्या निर्देशानंतर जर्मनीत जून २०१६पासून कायदा आहे, की संघात कायदेशीरपणे असलेल्या कुणालाही बँकेनं साधं खातं उघडून द्यायला हवं. कायमचा पत्ता नसलेल्यालाही, आश्रय मागणाऱ्यालाही. अपवाद आहेत, पण ते मोजके आहेत आणि कायद्यात लिहिलेले आहेत. चक्राची एक कडी इथं कायद्यानं तोडली. पुराव्याशिवाय हो म्हणण्याचं काम साऱ्या समाजानं आपल्या अंगावर घेतलं, आणि सादच्या औदार्याला वारस मिळावा तसा हा नियम आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हक्कानं सगळं मिळालेला माणूस त्या देशात भयंकर एकटा असू शकतो. खातं आहे, विमा आहे, पेटीवर नाव आहे, आणि दारावर थाप मारणारं कुणी नाही. सिमोन वेल १९४३मध्ये लंडनमध्ये, स्वतः परागंदा असताना, माणसाच्या मुळांविषयी लिहीत होती. तिचं म्हणणं होतं, की हक्कांआधी कर्तव्य येतं, कारण हक्क कुणीतरी मान्य केल्यावरच हक्क ठरतो. हे पटण्यासारखं आहे. खिडकीपलीकडचा कारकून फॉर्म घेतो, पण जेवलास का विचारत नाही. तरीही त्या कारकुनाच्या कोरडेपणाला कमी लेखू नये. तो आडनाव ऐकून चेहरा बदलत नाही, निदान कायदा त्याला बदलू देत नाही. आपल्याकडच्या ऊबदार घरांना आडनाव आधी विचारायची सवय आहे. बडोद्यात कमी होती ती ऊब नव्हे, दोन मित्र तर होतेच.

पुण्यात अफगाणिस्तान, येमेन, इराण आणि आफ्रिकी देशांतली मुलं शिकायला येतात. त्यांचा पहिला आठवडा श्टुटगार्टमधल्या मराठी माणसाच्या पहिल्या आठवड्यासारखाच जातो. घरमालकानं परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत कळवायची असते, बहुतेक दीर्घ मुदतीच्या विद्यार्थ्यांना १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते, त्यासाठी पत्त्याचा कागद लागतो, आणि कागद देणारा मालक दलालामार्फत आधी देश विचारतो, मग धर्म, मग काय खातोस ते. घटनेच्या १५व्या अनुच्छेदातलं ते कलम नागरिकांसाठी आहे आणि भाड्याचं खासगी घर त्या यादीत नाही. जर्मनीत २००६च्या समान वागणुकीच्या कायद्यात घरभाडं येतं, काही अपवादांसह. तिथंही आडनावावरून नकार मिळतात, पण नकाराविरुद्ध दाद मागायला जागा आहे.

पुण्यातली विद्यापीठं या मुलांकडून भारतीय विद्यार्थ्यांपेक्षा जास्त शुल्क घेतात. त्यांनी प्रत्येकाला पहिल्या तीन महिन्यांसाठी वसतिगृहातली खोली आणि त्या पत्त्याचा सही-शिक्क्याचा कागद द्यावा, तो पोचेपर्यंत तयार ठेवावा. तेवढ्या काळात बँकेचं खातं होतं, सिमकार्ड मिळतं, नोंदणी होते, आणि पुढचं घर शोधायला मुलगा जातो तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असतं. ज्या शहरातून दरवर्षी हजारो मुलं जर्मनीचे, कॅनडाचे, ऑस्ट्रेलियाचे अर्ज भरतात, त्या शहरातल्या घराघरांत या कागदाची किंमत माहीत आहे.